बॅटरीवर चालणारा टायर पंप : भुसावळमधल्या एका वर्षाचा अनुभव

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी टायरमध्ये हवा भरण्याचा, बॅटरीवर चालणारा आणि एका हातात मावणारा पंप विकत घेतला. किंमत अडीच हजारांच्या आत होती. डब्यात पंप, वीतभर लांबीची नळी, सायकलच्या व्हॉल्व्हसाठी दोन जोड, चेंडूत हवा भरायची सुई आणि चार्जिंगची वायर एवढे साहित्य मिळाले. हवा असलेला दाब पडद्यावर ठरवून दिला की तेवढा दाब झाल्यावर पंप आपोआप थांबतो. याच घडणीचे पंप बाजारात अनेक नावांनी विकले जातात, त्यामुळे मी कंपनीचे नाव देत नाही. जे लिहितो आहे ते या प्रकारच्या उपकरणाबद्दल आहे, असे समजावे.

माझे मत आधीच सांगतो. हवा भरण्याचे यंत्र म्हणून हा पंप ठीक आहे, त्याहून अधिक काही नाही. मात्र थंड टायरचा दाब घरच्या अंगणात, सूर्य वर येण्याआधी मोजण्याचे साधन म्हणून तो आपल्या खानदेशातल्या प्रत्येक गाडीवाल्याकडे असावा, असे मला मनापासून वाटते. यामागचे कारण वायूंच्या वागणुकीत आहे, आणि ते कारण समजल्याशिवाय या पंपाचे गुणदोष नीट सांगता येणार नाहीत.

आमच्या भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नवलाई नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की तोच पारा पहाटे ९-१० अंशांवर येतो. माणूस छत्री, रुमाल, गोधडी करून हे सोसतो. टायरमध्ये कोंडलेल्या हवेला मात्र असा कोणताच आडोसा नसतो. टायरचे आकारमान जवळजवळ कायम राहते, त्यामुळे तापमान वाढले की आत फिरणारे रेणू अधिक वेगाने रबरावर आदळतात आणि दाब वाढतो. तापमान उतरले की दाबही उतरतो. हे प्रमाण सेल्सिअसच्या आकड्यांवर चालत नाही, निरपेक्ष तापमानावर चालते, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवून येणाऱ्या केल्विनवर. त्याचप्रमाणे पडद्यावर दिसणारा दाब हा टायरमधला एकूण दाब नसतो, तर बाहेरच्या वातावरणापेक्षा तो किती जास्त आहे एवढेच तो आकडा सांगतो. भुसावळला वातावरणाचा दाब साधारण १४.४ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड, हे टायरच्या दाबाचे नेहमीचे एकक) धरला, तर पडद्यावर ३३ दिसत असताना आत खरा दाब ४७.४ पीएसआय असतो. हे दोन आकडे मिळवायचे राहिले की सगळा हिशोब चुकतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि मुलांची गाडी नेमकी याच दोन ठिकाणी अडते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिले.

डिसेंबरमध्ये याची पडताळणी आपोआपच झाली. एका पहाटे अंगणात १९ अंश तापमान असताना मी चारही टायर ३३ पीएसआयवर आणून ठेवले. आठवड्याच्या आतच थंडीची लाट आली आणि एका पहाटे तापमापक ९ अंशांवर होता. हिशोबाप्रमाणे ४७.४ ला २८२ ने गुणून २९२ ने भागले की ४५.८ येतात, आणि त्यातून वातावरणाचे १४.४ वजा केले की ३१.४ उरतात. पडद्यावर ३१.५ हा आकडा आला. पंप अर्ध्या-अर्ध्या पीएसआयच्या टप्प्यानेच आकडे दाखवतो, तेव्हा याहून जवळचे उत्तर त्याच्याकडून मिळणे शक्यच नव्हते. टायर पंक्चर नव्हता, व्हॉल्व्ह गळत नव्हता, कोणी हवा सोडलेली नव्हती. फक्त थंडी पडली होती. साधारण सहा अंशांना एक पीएसआय, एवढे लक्षात ठेवले तरी रोजच्या व्यवहाराला पुरते.

उन्हाळ्यातला अनुभव मात्र सुखाचा नव्हता. मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही भुसावळहून धुळ्याला निघालो. पहाटे ३० अंश तापमानात मी दाब ३३ वर आणला होता, पण घरातून निघायलाच दुपार झाली. पारोळ्याच्या अलीकडे महामार्गावर चहासाठी थांबलो, तेव्हा कुतूहल म्हणून मी पंप लावून पाहिला, पडद्यावर ३८.५ दिसले. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातला तरुण मदतीला म्हणून आपणहून आला, आकडा पाहून म्हणाला, "सर, हवा जास्त शे, उन्हाळामा टायर फुटस," आणि मी नको म्हणायच्या आत त्याने चारही टायरची हवा सोडून दाब ३३ वर आणला. त्याच्या मनात काळजीच होती, हे मी जाणतो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे धुळ्याला, गाडी रात्रभर उभी राहून थंड झाल्यावर, त्याच टायरमध्ये २८ पीएसआय उरले होते, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा पाच पीएसआय कमी.

तो ३८.५ चा आकडा काय सांगत होता, हे मी त्या रात्री वहीत मांडून पाहिले. त्यात वातावरणाचे १४.४ मिळवले की ५२.९ होतात. हा दाब पहाटेच्या ४७.४ च्या जवळपास १.११६ पट आहे, म्हणून निरपेक्ष तापमानही तेवढ्याच पटीने वाढलेले असणार: ३०३ चे ३३८, म्हणजे टायरच्या आतली हवा ६५ अंशांवर पोहोचली होती. बाहेरचे ऊन, तापलेला डांबरी रस्ता आणि चालताना सतत दबून मोकळे होणारे रबर, या तिघांची ती एकत्रित ऊब होती. टायर बनवणारे ही वाढ गृहीत धरूनच टायर बनवतात, आणि म्हणूनच चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत दिलेला दाब हा थंड टायरचा असतो. गरम टायरमधून हवा काढली, तर टायरची कड अधिक वाकते, अधिक वाकल्याने अधिक तापते, आणि ज्या भीतीने हवा काढली तीच गोष्ट घडण्याची शक्यता वाढते. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की तो तोंडी समजावून बदलत नाही. पहाटेचा आकडा डोळ्यांसमोर ठेवला तरच पटतो, आणि तो आकडा रस्त्यावरच्या दुकानात मिळत नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो. हा पंप घरी ठेवण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आता या उपकरणाचा आकडा खरा मानावा का, हा प्रश्न येतो. दहा पीएसआयला मी त्याची परीक्षा पाण्याने घेतली. गवंडी लेव्हल पाहण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी गच्चीवरून खाली सोडली, खालच्या टोकाला वळसा देऊन तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह तारेने घट्ट आवळला आणि वरून रंगीत पाणी भरले. पाणी चढत गेले तशी व्हॉल्व्हपाशी अडकलेली हवा आकसत गेली. १६६२ साली रॉबर्ट बॉइलने वाकवलेल्या काचेच्या नळीत पारा ओतून जे मोजले होते, तेच आमच्या भिंतीला लागून दिसत होते. पाण्याच्या दोन्ही पातळ्यांमधली उंची बरोबर सात मीटर झाली तेव्हा पंपाची नळी जोडली. सात मीटर पाण्याचा दाब जवळपास १० पीएसआय होतो, आणि पडद्यावर १०.० दिसले. ३३ पीएसआयसाठी मात्र सुमारे २३ मीटर उंचीचे पाणी लागते, म्हणजे सात-आठ मजल्यांची इमारत, म्हणून त्या टप्प्यावर मी ओळखीच्या गॅरेजमधल्या मोठ्या काट्याच्या गेजशी तुलना केली. तिथे माझा पंप एक पीएसआय जास्त दाखवतो असे आढळले. त्या दाबाला हा फरक प्रत्येक वेळी तेवढाच राहतो, त्यामुळे तो लक्षात ठेवून काम चालते. हिशोबात मी सगळीकडे पंपाचेच आकडे घेतले आहेत. या एका पीएसआयने त्यांच्यातले प्रमाण फारसे बिघडत नाही. तरीही विकत घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात अशी एखादी तुलना करून घ्यावी, कारण आकडा दशांशात दिसतो म्हणून तो अचूक असतोच असे नाही.

हवा भरण्याच्या कामाबद्दल थोडे मोजून सांगतो. माझ्या छोट्या चारचाकीच्या टायरमध्ये आतली जागा अंदाजे २८ लिटर आहे. दाब २७ वरून ३३ वर न्यायचा, तर बाहेरची जवळपास १२ लिटर हवा आत दाबावी लागते. चार टायरची मिळून सत्तेचाळीस लिटर झाली. एका टायरला दीड ते दोन मिनिटे लागतात. डब्यावर छापलेला मिनिटाला इतके लिटर हा आकडा समोर दाब नसतानाचा असतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून वेळेचा अंदाज बांधू नये.

खरी अडचण उष्णतेची आहे. हवा झटकन दाबली की ती तापते. सायकलच्या हातपंपाचा खालचा भाग चटका देतो हे आपण लहानपणापासून जाणतो. बाहेरचे तापमान ४१ अंश असताना हवा एका झटक्यात, उष्णता कुठेही निसटू न देता, ३३ पीएसआयपर्यंत दाबली, तर हिशोबाने तिचे तापमान १६५ अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात बरीच उष्णता पंपाच्या नळकांड्यात आणि पितळी टोकात जाते, म्हणून हवा इतकी तापत नाही, पण पंप मात्र तापतो. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तिसऱ्या टायरच्या मध्यावर पडद्यावर तापमापकाचे चिन्ह लुकलुकले आणि पंप बंद पडला. पितळी टोकाला बोट लावताच मागे घ्यावे लागले. पंधरा मिनिटे ओट्यावर सावलीत ठेवल्यावर तो पुन्हा चालू झाला. डिसेंबरच्या पहाटे त्याच पंपाने चारही टायर एकदाही न थांबता भरले होते. हा दोष म्हणावा की निसर्गाचा नियम, यावर दोन मते असू शकतील. माझ्या मते तेवढ्या उकाड्यात यंत्र स्वतःला वाचवते हे चांगलेच आहे, पण माहितीपत्रकात याचा उल्लेख ठळकपणे असायला हवा होता. याच कारणाने नुकत्याच भरलेल्या टायरचा दाब दहा मिनिटांनी अर्धा पीएसआय कमी दिसतो. ती गळती नसते, आत गेलेली कोमट हवा निवलेली असते.

दुचाकीच्या बाबतीत मात्र उपकरणाची रचना मला कमी पडलेली वाटली. नळी आटे फिरवून काढावी लागते आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत फुस्स करून हवा निसटते. चारचाकीच्या टायरमध्ये तेवढी हवा गेल्याने काही फरक पडत नाही. मोटारसायकलच्या ट्यूबमधली जागा त्याच्या काही भागाइतकीच असल्यामुळे तितकीच हवा गेली तरी दाब एक पीएसआयने उतरतो. म्हणून मोटारसायकलला मी ठरलेल्या आकड्यापेक्षा एक पीएसआय जास्त भरतो. दाबून बसणारी खिटी असलेली नळी दिली असती, तर हा प्रश्न आलाच नसता. आणखी एक छोटी गैरसोय अशी की एकक बदलण्याचे बटण चुकून दाबले जाते. ३३ पीएसआय म्हणजे सुमारे २.३ बार किंवा २३० किलोपास्कल; एकक किलोपास्कल असताना कोणी ३३ हा आकडा दिला, तर पंप सुरू होताच थांबतो आणि माणूस तो बिघडला असे समजतो. आमच्या घरी असे दोनदा झाले.

फेब्रुवारीत आम्ही तोरणमाळला गेलो, तेव्हाही पंप सोबत होता. शहाद्याला मुक्काम केला होता, तिथे पहाटे २१ अंशांना दाब ३३ वर होता. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणजे शहाद्यापेक्षा साधारण एक हजार मीटर उंच. तेवढ्या चढाला वातावरणाचा दाब दीड पीएसआयहून थोडा अधिक कमी होतो. बाहेरून दाबणारी हवा विरळ झाल्यामुळे पडद्यावरचा आकडा तेवढ्याने वाढायला हवा होता. दुसऱ्या पहाटे तोरणमाळला १३ अंश होते आणि पडद्यावर ३३.५ होते. उंचीमुळे वाढलेला दाब थंडीने जवळजवळ पूर्ण खाऊन टाकला होता: आठ अंशांची घट म्हणजे सव्वा पीएसआयहून थोडी जास्त उतरण. गाडीत ठेवलेली बटाट्याच्या वेफर्सची न फोडलेली पाकिटे मात्र फुगून टणक झाली होती. टायरच्या जाड रबराला जे जमत नाही, ते पातळ पाकिटाला जमते. बाहेरचा दाब घटला की ते आपले आकारमानच वाढवून घेते. घाट चढताना टायरची हवा कमी करावी लागते का, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्यांना मी हेच आकडे दाखवतो.

नायट्रोजनबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण पंप घेतल्यावर "साधी हवा कशाला भरता?" हा प्रश्न हमखास येतो. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि टायरमधल्या दाबाला व तापमानाला दोन्हींची वागणूक सारखीच असते; नायट्रोजन भरला म्हणून उन्हात दाब वाढत नाही, हे खरे नाही. फरक पडतो तो पाण्यामुळे. नायट्रोजन कोरडा असतो, तर पावसाळ्यात ज्या दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या टाकीतले साचलेले पाणी रोज काढून टाकले जात नाही, तिथून हवेबरोबर पाणीही टायरमध्ये जाते. ते पाणी आत वाफ होऊन दाबात स्वतःची भर घालते: ३० अंशांना ही भर ०.६ पीएसआय असते, ६० अंशांना ती २.९ पर्यंत जाते. या छोट्या पंपाला टाकीच नसल्याने निदान साचलेले पाणी आत जाण्याचा प्रश्न येत नाही. एवढ्यासाठी मी नायट्रोजनला वेगळे पैसे देणे बंद केले आहे.

ठेवण्याबद्दल एक इशारा. या पंपात लिथियमची बॅटरी आहे, आणि मे महिन्यात बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतले तापमान ६० अंशांच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून मार्चपासून जूनपर्यंत मी तो गाडीत ठेवत नाही. कापडी पिशवीत घालून घरात आणतो आणि प्रवासाला निघताना बरोबर घेतो. गाडीच्या डिकीत कायम पडून राहणारे साधन हवे असेल, त्यांनी गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, बॅटरी नसलेला पंप घ्यावा. तो थोडा अवजड असतो, पण उन्हात बॅटरी खराब होण्याची चिंता राहत नाही.

माझे सासरे रावेर तालुक्यात केळीची शेती करतात. त्यांनी हा पंप ट्रॅक्टरसाठी चालेल का, असे विचारले होते. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरला दाब कमी लागतो, पण आतली जागा दोनशे लिटरांच्या आसपास असते. तिथे पाच पीएसआय वाढवायचे तर जवळपास सत्तर लिटर हवा लागते, म्हणजे माझ्या गाडीच्या चारही टायरना मिळून लागली त्याच्या दीडपट, आणि तीही एकाच दमात. आम्ही करून पाहिले. पंप दोनदा तापून थांबला आणि बॅटरी अर्ध्याहून खाली गेली. केळी वाहणाऱ्या ट्रकच्या टायरना तर शंभर पीएसआयच्या पुढचा दाब लागतो, आणि त्या दाबाला हा पंप घरघर करतो, पण पुढे सरकत नाही. त्यांच्यासाठी सावद्याच्या किंवा रावेरच्या दुकानातला मोठा कॉम्प्रेसरच योग्य आहे. सासऱ्यांनी शेवटी माझ्याकडून फक्त काट्याचे एक साधे गेज मागून घेतले, आणि आता ते पहाटे शेतात निघण्याआधी टायरचा दाब मोजून गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवतात.